निळ्या टोप्यांची नवमी

राहीबाईला एक खोड होती. घरात नवं काही आलं की त्याला हळदीचं बोट लावल्याशिवाय ती ते वापरू द्यायची नाही. नवं लुगडं असो, नवी बादली असो, नाहीतर सयाजीची नवी बंडी असो. शेजारच्या वेणूबाईनं रंगीत टीव्ही घेतला तेव्हा ही बाई हळदीची वाटी घेऊन त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली आणि बोट नेमकं कुठं लावावं ह्याचा विचार करत बसली.

"अवो, त्येला काय कपाळ हाय का?" वेणूबाई हसून हसून बेजार झाली.

"हसा तुमी," राहीबाई म्हणाली आणि वरच्या कडेला दोन बोटं ओढून मोकळी झाली. "नवी वस्तू परक्या घरातनं येतीया. तिला कळाया नको का, आता कुनाची झाली ती?"

ही खोड आधीच सांगून टाकलेली बरी. पुढं जे रामायण झालं ते तिच्यापायीच झालं.

सयाजी आणि राहीबाई मूळचे साताऱ्याकडचे. आता कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत दोन खोल्यांत राहायचे. सयाजी तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात गोण्या उचलायचा. उचलून उचलून मानेमागं असा घट्टा पडलेला, की न्हाव्याचा वस्तरा तिथं आला की आपोआप वळसा घालायचा. राहीबाई त्याच मार्केटात कांदा निवडायची. सडका बाजूला, दुभाळका बाजूला, चांगला टोपलीत. अंगाला कांद्याचा वास इतका मुरलेला, की साबणानंही जायचा नाही, आणि तिला त्याचं काही वाटायचंही नाही.

त्यांच्या गावाकडं घरटी एक माणूस लष्करात. नव्हतं ते सयाजीच्याच घरात. तरुणपणी तो भरतीला गेला होता. उघड्या अंगानं उन्हात उभा राहिला, आणि छाती फुगवून फुगवून डोळे बाहेर आले तरी फीत काही पुरी भरली नाही. "चल, पुढचा," म्हणून मोजणाऱ्यानं त्याला खांद्याला धरून बाजूला सारलं. तो हात सयाजीच्या खांद्यावर अजून होता. त्याच खांद्यानं पुढं त्यानं जन्मभर गोण्या वाहिल्या. म्हणून पोरगा रणजीत पलटणीत भरती झाला तेव्हा ह्या माणसानं मार्केटातल्या गाळ्यागाळ्यांतून पेढे वाटले होते.

आणि त्या साली आश्विनात अशी गंमत झाली, की पोराची पलटणच दारात आली. रबाळ्याच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात तंबू पडले. आफ्रिकेत सोमालिया म्हणून देश आहे, तिथं दुष्काळ पडलाय, वर आपसांत मारामारी, आणि धान्याच्या गाड्या येतात त्या वाटेतच लुटल्या जातात. त्या गाड्या राखायला देशोदेशीचे शिपाई निघाले होते. आपली एक तुकडी मुंबईच्या गोदीतून बोटीनं जाणार होती, आणि जायच्या आधीचं शिकणं, सामान घेणं, सगळं इथं चाललं होतं.

रणजीत आधी जादातल्या माणसांत होता. म्हणजे कुणी गळालाच तर जायचं, नाहीतर मागं राहायचं. मग एका पोराला कावीळ झाली आणि रणजीतचं नाव वर आलं. पण हवालदार जयप्रकाश म्हणून जो वरचा होता, तो कऱ्हाडकडचा, मोठ्या तोंडाचा माणूस. त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं, "खुश होऊ नको. एक चूक दिसली की तुझं सामान वामनच्या अंगावर. समजलं?" वामन हा जादातला पुढचा गडी, आणि रणजीतचा जिवाभावाचा दोस्त. दोघं एकाच ताटात जेवायचे. कुणाच्या मनात काही नव्हतं, पण जागा एकच होती.

हे कळल्यापासून सयाजी हवेत होता. राहीबाई मात्र गप्प. तिला कुणी विचारलंच नाही, आणि विचारलं असतं तरी तिनं काय सांगायचं? पोरगं जाऊ नये असं वाटतंय, हे नवरा ऐकून घेणार नव्हता आणि पोरगं तर त्याहून नाही.

रोज सकाळी पोरं पाठीवर पिशव्या लादून ठाणे-बेलापूर रस्त्यानं पळत तुर्भ्यापर्यंत यायची आणि तशीच मागं जायची. राहीबाई निवडायची टोपली तशीच टाकून रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहायची. पहिल्या दिवशी रणजीत समोरून आला. बूट नवेकोरे, चेहरा घामानं निथळलेला. हिला राहवेना.

"रणजाऽ! पानी पी रंऽ!"

झालं. सगळी तुकडी फिसकन हसली. रणजीतचे कान लाल झाले, पण मान वळवायचा हुकूम नव्हता. हवालदार ओरडला, "दात आत! पाय बघा!" दुसऱ्या दिवसापासून पोरांनी तेच धरलं. कोण दमला, कोण मागं पडला, की बाकीचे ओरडायचे, "पानी पी रं!" रणजीतनं निरोप धाडला, आईला म्हणावं रस्त्यावर येऊ नको. राहीबाई आली नाही कशी? आलीच. पण तोंडाला पदर लावून नुसती उभी राहिली. तेव्हा मागच्या रांगेतला एक काळा, दातांत फट असलेला पोरगा पळता पळताच बोलला, "मावशी, आज पानी न्हाई व्हय?"

तो वामन. राहीबाईला त्याच क्षणी तो आवडून गेला.

त्याच आठवड्यात सयाजीच्या टोळीलाही छावणीतून बोलावणं आलं. धान्याच्या गोण्या गाडीवर चढवायच्या, उतरवायच्या, आणि पोरांनी त्याभोवती पहारा कसा द्यायचा ते शिकायचं. सयाजी त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून हमालीला गेला. संध्याकाळी घरी आला तो हसतच.

"अगं, गोण्या उतरवून झाल्या आन् सायेब म्हनला, आता तुमी उपाशी लोक व्हा. भुकेली गर्दी. गाडीवर तुटून पडा. पोरं तुमाला आडवतील."

"मग?" उज्वला, रणजीतची बायको, शिलाई मशीन थांबवून म्हणाली.

"मग काय! आमी आत्ताच भाकरी खाऊन गेल्याली मानसं. कसं तुटून पडायचं? आमच्या टोळीतला गोटीराम तर ढेकर देत देतच पुढं गेला. सायेब वरडला, अरे जरा भुकेलं दिसा! म्या म्हनलं, सायेब, चार दिसांनी बोलवा."

"आन् रणजा कुठं होता?" राहीबाईनं विचारलं.

"म्होरंच उभा. माझ्याच." सयाजीचा आवाज जरा हलका झाला. "दोन हात आसं आडवं धरून. बंदूक पाठीला. म्या ढकललं त्येला. खरंच ढकललं, जोर लावून. मला ओळख दावली न्हाई त्यानं. नुसतं म्हनतोय, मागं व्हा, सगळ्यांना मिळंल, मागं व्हा. हललं न्हाई पोरगं जागचं."

त्या रात्री तो पोटभर जेवला. हे सगळं सांगताना त्याचा हात दोनदा आपल्याच छातीवर गेलेला राहीबाईनं पाहिला, आणि तिनं भाकरीकडं मान वळवली.

खंडेनवमीला रणजीतला संध्याकाळच्या हजेरीपर्यंत सुट्टी मिळाली, बरोबर वामनलाही. सुट्टी फुकट नव्हती. आभाळी रंगाच्या कापडी टोप्या आल्या होत्या, लोखंडी टोपावर चढवायच्या. निळी टोपी डोक्यावर असली म्हणजे हा मारायला आलेला नाही, राखायला आलाय, हे तिकडच्या माणसाला लांबून कळायचं. पण त्या टोप्या कुठल्या डोक्याच्या मापानं शिवल्या होत्या कोण जाणे, टोपावर नुसत्या लोंबायच्या. उद्या दसऱ्याला सकाळी मोठे साहेब तपासणीला येणार. मग रणजीतनं छाती पुढं काढून सांगितलं होतं, माझ्या घरी मशीन आहे, बायको शिवते, सेक्शनच्या सगळ्या टोप्यांना इलास्टिक घालून आणतो. हवालदारानं दहा टोप्या मोजून त्याच्या हवाली केल्या. "एकाला एकच आहे. दुसरी मिळणार नाही. डाग नको, टाका उसवायला नको," एवढं म्हणाला.

घरात पाय ठेवताच सयाजीनं पिशवीच ओढून घेतली. बूट बघितले, तळवा वाकवून बघितला. मच्छरदाणीला नाक लावलं. पाण्याची बाटली बुडाशी वाजवली. लोखंडी टोप डोक्यावर ठेवून तो आरशापुढं गेला, आणि टोप भुवयांवर आला तरी काढायचं नाव घेईना.

"आबा, काढा की. शेजारी बघत्यात," रणजीत म्हणाला.

"बघू देत." सयाजीनं पाठीवर पिशवी चढवली, दोन उड्या मारल्या. "हे वझं? एवढ्यावर तुमास्नी घाम येतुया? अरं, ह्ये तर आमच्या जेवायच्या डब्यासारखं!"

वामन जमिनीवर गडाबडा लोळला. रणजीतही हसला. घरात असं हसू बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

उज्वलानं सकाळीच मशीन लावली. पुरण शिजेपर्यंत दहाही टोप्या झाल्या. तिनं एक रणजीतच्या टोपावर चढवून बघितली. अशी बसली, की बोट घालायला जागा नाही. सयाजी दोघा पोरांना घेऊन मार्केटात गेला. तिथं टोळीची खंडेनवमी असायची. गोण्या ओढायचे लोखंडी हूक धुऊन, ओळीनं मांडून त्यांची पूजा व्हायची, आणि सयाजीला फौजी पोरगा सगळ्यांपुढं उभा करायचा होता. उज्वला दळण आणायला गेली.

घरात राहीबाई एकटी राहिली. घटापुढं तिनं पाट मांडला. त्यावर सयाजीचा जुना हूक, विळी, खुरपं, उज्वलाची कात्री. शेवटी रणजीतचा लोखंडी टोप. लोखंडाला कुंकू, कापडाला हळद, ही तिची पद्धत. टोपाला तिनं कुंकू लावलं. मग त्यावरची निळी टोपी हातात घेतली, हळदीत बोटं बुडवली आणि पाचही बोटं कपाळाच्या बाजूला नीट उठवली. पिवळी धमक. तिला बरं वाटलं. आता ही टोपी पोराला ओळखणार होती.

बाकीच्या नऊ घडी करून शेजारीच पडल्या होत्या. तिनं त्यांच्याकडं बघितलं. कुणाची कोण लेकरं, कुठल्या कुठल्या गावची. त्यांच्या आया लांब. त्यांच्या टोप्यांना कोण लावणार हळद? आपल्या पोराला लावायची आणि परक्याच्या पोराची टोपी तशीच धाडायची, हा कुठला न्याय? तिनं पुन्हा वाटी कालवली, आणि एकेक टोपी उलगडून सगळ्यांवर पाची बोटं उठवली. एकही सोडली नाही. मग खिडकीखाली ओळीनं वाळत मांडून पुरण वाटायला बसली.

गडी परत आले ते गुलालानं माखून. रणजीत दारातच थांबला.

"आये. ह्ये काय केलंस?"

"काय केलं? खंडेनवमी न्हवं का?"

"अगं, सरकारी माल हाय त्यो! उद्या तपासणी हाय! एकाला एकच टोपी हाय, दुसरी न्हाई!" त्याचा आवाज चिरकला. वामननं तोवर दोन टोप्या उचलल्या, मोरीत नेल्या आणि साबणाची वडी खसाखसा घासायला घेतली. रणजीतही धावला.

"साबन नगं!" राहीबाई पाटा सोडून उठली. "अरं, हळदीला साबन नगं लावू—"

पण तोवर झालं होतं. पिवळी बोटं बघता बघता लाल झाली. नुसती लाल नाहीत, रक्तासारखी लाल, आणि पाण्यानं पसरून कपाळभर झाली. रणजीतच्या हातात त्याचीच टोपी होती. घरात सगळे त्या टोपीकडं बघत उभे राहिले. उज्वलानं दळणाचा डबा दारातच ठेवला.

रणजीत आईकडं वळला. "मुद्दाम केलंस तू," तो म्हणाला. "मी जाऊ नये म्हनून. पयल्यापास्नं तुला नकोच हुतं."

"ए!" सयाजी गरजला. "त्वांड आवर. आईशी बोलतोयस."

"मग सांगा ना तिला! उद्या दहा जण बिनटोपीचे उभं ऱ्हातील माज्यापायी. माजं नाव तर गेलंच."

वामन मोरीत मान खाली घालून बसला होता. नाव गेलं तर कुणाला मिळणार, हे सगळ्यांना माहीत होतं. बिचारा लाजेनं अर्धा झाला होता. हातातली लाल टोपी कुठं ठेवावी हेही त्याला कळत नव्हतं.

राहीबाई रडली नाही. ओरडलीही नाही. तिला पोराचं बोलणं जिथं लागायचं तिथं लागलं होतं, पण ते बघायला आता सवड नव्हती. तिनं रणजीतच्या हातातली टोपी घेतली आणि म्हणाली, "वामन, लिंबं आन. घरात दोनच हायती. वेनूबाईकडं माग, समद्या चाळीत माग. आन् तुमी," ती सयाजीला म्हणाली, "घागरी, पातेली, डोस्क्याएवढं गोल जे घावंल ते गोळा करा."

"काय करनार हाईस?"

"ऊन दावनार हाय."

वामन गेला तो टोपलीभर लिंबं घेऊन आला. खंडेनवमीचं कुणी नाही म्हणालं नाही. बादलीत लिंबं पिळली, त्यात टोप्या बुडवल्या, तशी लाल बोटं मुकाट्यानं परत पिवळी झाली. उज्वलाच्या तोंडून "अगं बाई!" निघालं. पण पिवळी म्हणजे अजून हळदच. ती जायला आश्विनातलं ऊन पाहिजे होतं, आणि ऊन काही दारात बांधलेलं नसतं. खोलीपुढं बारानंतर समोरच्या नव्या बिल्डिंगची सावली यायची.

म्हणून सगळा लवाजमा वसाहतीमागच्या मोकळ्या मैदानात गेला. उपड्या घागरी, पातेली, वेणूबाईचा कुकर, कुणाचा तरी तांब्याचा हंडा. प्रत्येकावर एकेक ओली निळी टोपी ताणून बसवली, पिवळा डाग उन्हाकडं करून. लांबून बघणाऱ्याला वाटावं, दहा शिपाई मानेपर्यंत मातीत पुरलेत. बघणारेही जमले. एकानं विचारलं, हे कसलं प्रदर्शन? सयाजी त्याच्यावर असा धावून गेला, की गर्दी पांगली. मग तोही उन्हात एक पाय पुढं टाकून उभा राहिला, पोरानं गोण्यांपुढं पहारा दिला होता तसाच.

जेवायला घरी कुणी गेलं नाही. उज्वलानं पुरणपोळ्या मैदानातच आणल्या. राहीबाई मात्र टोप्यांजवळून उठली नाही. पदर डोक्यावर ओढून बसली होती. सावली सरकली की घागर सरकवायची. कापड वाळलं की पुन्हा लिंबाचं पाणी शिंपडायचं. ऊन मानेवर बसत होतं, जमीन तापली होती, गुडघे धरले होते. निवडायला बसायची सवय होती म्हणून बरं. एकेक टोपी ती कांदा पारखावा तशी उचलून डोळ्यापुढं धरायची आणि परत ठेवायची.

बऱ्याच वेळानं रणजीत येऊन तिच्या शेजारी उकिडवा बसला. एक घागर सरकवली.

"हिकडं न्हाई, त्या अंगाला," राहीबाई म्हणाली.

त्यानं त्या अंगाला सरकवली. "आये, म्या मघाशी जे बोललो…"

"थोडं खरं हाय त्ये." ती टोपीवरच नजर ठेवून बोलली. "हळद लावताना न्हाई रं. देवीची आन. तवा मनात कायबी नव्हतं. पर लाल झाल्यावर तू वरडलास ना, तवा आलं. वाटलं, ऱ्हाऊ दे की लाल. ऱ्हाईल पोरगं घरी. कोन मला काय म्हननार? चुकून झालं म्हनून सोडून दिलं आसतं समद्यांनी."

रणजीत तिच्याकडं बघत राहिला. "मग?"

"मग काय? दहा टोप्या व्हत्या. दहा आयांची लेकरं." तिनं पाणी शिंपडलं. "तुजी एकलीच आसती तर म्या काय केलं आसतं, ते देवीलाच ठावं. मला इचारू नगंस."

रणजीत खाली बघून मातीत रेघा ओढत बसला. मग हळूच म्हणाला, "मला जायाचं हाय, आये. लई मनापास्नं जायाचं हाय. आबा त्या दिवशी मला ढकलत हुते ना, तवा त्येंच्याकडं बघवत नव्हतं. एवढा मोटा मानूस, आन् भुकेला व्हायचं नाटक करतोय. तिकडं खरीखुरी मानसं तशी असत्याली."

"ठावं हाय मला. म्हनून तर बसलीया न्हवं उन्हात?" ती म्हणाली आणि त्याच्या हातात तांब्या दिला. "पानी पी."

तो पाणी प्यायला. पलीकडं आडवा पडलेला वामन डोळे न उघडता ओरडला, "पानी पी रंऽ!" आणि तिघंही हसले. हसता हसता राहीबाईनं डोळे पुसून घेतले, कांद्याच्या हातांनीच.

ऊन कलायला लागलं तशी टोप्यांवरची हळद विरत गेली. आधी पिवळी, मग फिकी, मग नुसती आहे की नाही अशी. चार-पाच तर साफ निघाल्या. बाकीच्यांवर बारीक झाक राहिली. रणजीतच्या टोपीवर करंगळीचं टोक शिवणीत दडून बसलं ते काही केल्या जाईना. उज्वलानं तेवढी शिवण आत दुमडून वरून टाका मारला. मग कोळशाची इस्त्री फिरवली, घड्या केल्या आणि पोरं हजेरीला पळाली.

पुढं काय झालं ते घरी कळेना. दसरा झाला. सोनं वाटून झालं. छावणीतून सगळ्या सुट्ट्या बंद झाल्या, सकाळचं पळणंही बंद झालं. सयाजी दोनदा फाटकापर्यंत जाऊन आला, पहारेकऱ्यानं आत घेतलं नाही. "तिथं पोराचं नाव सांगितलं तर म्हनतोय, आगे बढो," तो घरी येऊन म्हणाला, आणि खांदा चोळत बसला. राहीबाईनं त्या दिवसांत कशालाच हळद लावली नाही. उज्वलानं नवी सुई आणली, तीसुद्धा तशीच वापरली. पोराचं नाव आपल्यामुळं गेलं असेल, तर सयाजीला तोंड कसं दाखवायचं, हेच सारखं मनात.

मग एके सकाळी मार्केटात आरडाओरडा झाला. लष्कराच्या गाड्या गोदीकडं निघाल्या होत्या, आणि तुर्भ्याच्या नाक्यावर कांद्याच्या ट्रकांत अडकल्या होत्या. तो नाका काही लष्कराला घाबरणारा नव्हता. सयाजी पाठीवरची गोणी तिथंच टाकून पळाला. मागोमाग राहीबाई.

गाड्यांची रांग लागली होती. मागं फळ्यांवर पोरं बसलेली, डोक्यावर निळ्या टोप्या. सगळे सारखेच दिसत होते. राहीबाई एकेका गाडीखालून तोंड वर करून बघत चालली. हा नाही. हाही नाही. तिसऱ्या गाडीशी तिचे पाय थांबले. रणजीत बसला होता. निळी टोपी कपाळावर घट्ट बसलेली. तो हसत होता, आणि त्याची टोपी त्याला कशी शोभत होती म्हणून सांगू!

"आबा! झालं! समद्यांचं झालं!" तो ओरडला. सयाजीनं हात वर केला आणि तसाच धरून ठेवला.

पुढच्या केबिनमधून हवालदार जयप्रकाश खाली उतरला आणि थेट राहीबाईकडं आला. ती सयाजीच्या मागं सरकली.

"टोप्यांची पूजा करणाऱ्या मावशी त्या तुमीच का?"

"चुकी झाली, सायेब. अडानी मानूस…"

"तपासणीला साहेब आमच्या सेक्शनपुढं थांबले," हवालदार मोठ्यानं म्हणाला, सगळ्या गाडीला ऐकू जाईल असा. "नाक वर केलं आणि विचारलं, हवालदार, या लोकांना लिंबाचा वास का येतोय? माझी बोबडी वळली. म्या म्हनलं, मच्छर येऊ नयेत म्हनून, सर. साहेब म्हणाले, व्हेरी गुड."

गाडीभर हसू फुटलं. हवालदार हसला नाही. त्यानं आपला टोप काढला, उलटा केला आणि राहीबाईपुढं धरला. आता त्याचा आवाज एकदम घरचा झाला. "बाहेर न्हाई, मावशी. आतल्या अंगाला लावा. कुनाला दिसायचं न्हाई आसं. माजी आई गेली, तवापास्नं नव्याला कुनी हळद लावली न्हाई."

राहीबाईच्या कमरेच्या पिशवीत हळदीची पुडी होतीच, ती कधी नसायची? सयाजीनं हवालदाराच्या कमरेच्या बाटलीतलं पाणी तिच्या तळहातावर ओतलं. तिनं हळद कालवली आणि टोपाच्या आत, पट्ट्यामागं, दोन बोटं ओढली. तोवर गाडीच्या फळीवरून एकामागून एक उलटे टोप खाली आले. कांदेवाल्यांचे ट्रक भोंगे वाजवत होते, नाक्यावरचा पोलीस शिट्ट्या मारत होता, आणि राहीबाई आपली टोपामागून टोप करत चालली होती. रणजीतचा शेवटी आला. त्यात तिनं पाचही बोटं उठवली, आणि टोप परत देताना त्याचा हात जरा वेळ धरून ठेवला. मग सोडला.

वाट मोकळी झाली. गाड्या हलल्या. "पानी पी रंऽ!" पोरं तिलाच ओरडत होती.

धूर विरला तेव्हा रस्त्याच्या कडेला एक जण उभा राहिला होता. वामन. सामान चढवून दोस्ताला निरोप द्यायला गाडीबरोबर इथवर आला होता, आता पायी छावणीत परत जायचा. अंगावर तीच वर्दी, डोकं उघडं. गाड्या गेल्या तिकडं बघत होता, आणि दातांतली फट दिसेल एवढं हसू त्यानं ओढून-ताणून तोंडावर धरलं होतं.

राहीबाई त्याच्यापाशी गेली. तळहातावर हळद अजून ओली होती.

"माज्याकडं टोपी न्हाई, मावशी," वामन म्हणाला.

"टोपी नसली म्हनून काय झालं?" राहीबाई म्हणाली. "डोस्कं हाय न्हवं? वाक खाली."